मिरीचं शिंगरू आणि माझी कात्री

४ मार्च
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

देवाच्या दयेने इकडे सर्व सुखरूप. तुझ्या गुडघ्यांची कुरकुर कमी आहे ना?

आमच्या दुधाच्या गाडीची घोडी, मिरी, पुन्हा गाभण आहे. माझ्या वहीप्रमाणे महिनाअखेरीस अकरा महिने भरतात. मागच्या खेपेला लाल, मखमलीसारखी पिशवी बाहेर आली, ती आपोआप फुटेल म्हणून मी हात जोडून बसले आणि शिंगरू आतच गुदमरलं. सासूबाई अजून सुनावतात. ह्यांनी तर निक्षून सांगितलंय, पुन्हा तसंच झालं तर मिरीला विकणार. नऊ वर्षं माझ्या हातचं खाल्लेलं जनावर रे ते! तू जन्मभर घोड्यांचं दवापाणी केलंस. तयारी काय करू ते सविस्तर कळव, पण फार खर्चाचं सांगू नकोस.

तुझ्या लोभाची सवय झालेली,
धाकटी

११ मार्च
चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

प्रार्थना जरूर कर, पण तोंडाने. हात मोकळे ठेव.

कोरडं गवत गुडघाभर पसर. शेपटी जुन्या कापडात गुंडाळ. सडांवर मेणासारखे थेंब धरले की वेळ आली समज. पांढरी पिशवी दिसली तर लांब उभी राहा, तिचं तिला करू दे. लाल दिसली तर मात्र डॉक्टरचीही वाट पाहू नकोस. शिंगराला पोसणारी वार आधीच सुटलेली असते, आत त्याचा श्वास कोंडतो. ताबडतोब काप. तुझी शिवणाची कात्री उकळून तबेल्यात टांग. तिने तू मला कधी कागदही कापू दिला नाहीस, हे मी विसरलेलो नाही.

आशीर्वाद पूर्ण, भांडण शिल्लक.
दादा

३० मार्च
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

झालं! काळंभोर, कपाळावर ठिपका, पाय म्हणजे नुसत्या काठ्या!

चार रात्री राखण करून हे काल सकाळी आडवे झाले. म्हणे, घोडी दिवसा वीत नाही. मिरीने नेमकी नऊची वेळ धरली. मी देवापुढे होते, तबेल्यातून धप्प आवाज आला. जाऊन बघते तर पुन्हा लाल! सासूबाई ओरडल्या की हात लावू नकोस. हे बनियनवरच डॉक्टरला आणायला पळाले. दादा, खोटं कशाला सांगू, माझे हात सवयीने जुळले होते. तुझं पत्र आठवलं आणि कात्री ओढली. लाल पिशवी कापली, आतली पांढरी फाडली, मिरीच्या कळेबरोबर पाय धरून ओढलं, नाक पुसलं, जुन्या टॉवेलने खसाखसा चोळलं. शिंकलं रे ते!

डॉक्टर आले तेव्हा तीनदा पडून चौथ्यांदा उभं राहिलं होतं. दुपारच्या आत प्यायलं, वारही सगळी पडली. हे कोणी केलं म्हणून डॉक्टरांनी विचारलं, तर सासूबाईंनी अशी मान ताठ केली, जणू कात्री त्यांचीच! मिरीला विकायचं काय झालं म्हणून मी ह्यांना छेडलं. असं कोण म्हणालं होतं, असा उलट मलाच प्रश्न. वर म्हणतात, आता तरी देवाला हात जोड.

मी म्हटलं, थांबा, आधी कोपरापर्यंत धुऊन येते.

लोभ आहे तेवढा पुरतो, वाढवलास तर नको म्हणणार नाही.
तुझी धाकटी