सोळा रेघा

पाचूबंदर, वसई
८ फेब्रुवारी १९९८

प्रिय क्रिस्टिना,

वहिनीचे तुला खूप आशीर्वाद. देवाच्या दयेने आम्ही सगळे बरे आहोत. तुझी मॅडम आता तरी शुक्रवारी चर्चमध्ये मिस्साला सोडते का, की तेव्हाही तिच्या पोराच्या मागे धावतेस? इकडे बोंबील वाळायला वलांडीवर चढलेत आणि अख्ख्या घराला वास लागलाय. तुला तिकडे आखातात त्याचीच आठवण येत असणार.

तिकडून सुट्टीवर आलेल्या मार्सेलने तुझा थर्मास घरी आणून दिला. बर्फ वितळला होता, पण बाटल्या गार होत्या. स्वतःच्या पगारातून आईसाठी इन्सुलिन घेतलंस, सगळ्या वाडीत आईने ते सांगितलं. रिकामा खोका तिने घरच्या अल्तारावर ठेवलाय, मेणबत्तीशेजारी. मार्सेल मंगळवारी परत निघतोय, म्हणून हे घाईने लिहितेय.

वर 'सगळे बरे' लिहिलंय, त्यातून आईला वगळ.

तुला माहीत आहे, आपल्या घरी युनिट-बिनिट कोणी म्हणत नाही. रेघा म्हणतात. डॉक्टरांनी आईला पहिल्यांदा समजावलं तेच 'सकाळी सोळा रेघा' असं, आणि तेव्हापासून मी डोळे मिटूनही सोळा भरीन. तुझी बाटली उघडली त्या सकाळीही सोळाच भरल्या. आईने क्रूस केला, बाही वर केली आणि म्हणाली, "माझ्या पोरीनं धाडलंय, ह्याचा गुन लगेच येनार बघ."

मग भाकरी खाऊन बाजारात गेली. उन्हं वर आली तशी ती गिऱ्हाइकांना पापलेटं फुकट वाटायला लागली. आपली आई! पाव रुपया सुटत नाही तिच्या हातून. बायका हसल्या, एकदोघींनी पिशव्या भरूनही घेतल्या. शेजारी बसणाऱ्या सालोमीला मात्र काहीतरी बिघडल्याचं कळलं. हात लावते तर अंग घामाने चिंब, तोंडाने काहीबाही बडबड. तिने चहात साखर ओतून ओतून पाजली आणि रिक्षात घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत आई कोणाला ओळखत नव्हती. ग्लुकोज चढवल्यावर डोळे उघडले. अजून थोडा उशीर झाला असता तर गेली असती, असं डॉक्टर म्हणाले.

त्यांनी मला बाटली आणायला लावली. आपल्याकडच्या बाटलीत एका मिलिलिटरला चाळीस युनिट असतात, सुईही त्याच मापाची, चाळीस रेघांची. म्हणून एक रेघ म्हणजे एक युनिट. तुझी बाटली शंभरची. त्याच एका रेघेत अडीच युनिट. सोळा रेघांत सोळाऐवजी चाळीस युनिट गेले गं. घरी येऊन मी परत परत हिशेब केला, कुठेतरी कमी निघेल म्हणून. निघत नाही.

मी विचारलं, मग ह्या बाटलीतून किती रेघा भरू? डॉक्टर रागावलेच. म्हणाले, साडेसहाच्याही आत येतं, पण असल्या अर्ध्यामुर्ध्या रेघा घरी मोजायच्या नाहीत. बाटलीवरचा आकडा आणि सुईवरचा आकडा एकच हवा, नसेल तर हात लावायचा नाही. तुझ्या उरलेल्या बाटल्या मी त्यांच्याकडेच ठेवल्या.

आईसमोर बाटलीचं काही काढू नका, असं मीच त्यांना विनवलं. तिला किती लागेल ते ठाऊक होतं मला. मोठेपणा करायला गेले आणि तो माझ्याच गळ्यात पडला. आता ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "लिलीचा हात जड. सुनेचाच तो, अजून कोनाचा असनार?" मी सुई घेऊन गेले की गोधडी ओढून घेते. तुझ्या दादाने हातात घेतली तर, "तू जाळी शिव." दवाखान्यात चल म्हटलं तर, "देवानं वाचवलं तेवढं पुरं, आता सुईच नको." त्या दिवसापासून एक थेंब औषध अंगात गेलेलं नाही.

राग आलाय मला. तिचा आलाय, तोंड शिवून बसलेल्या तुझ्या दादाचा आलाय, आणि खरं सांगू, थोडा तुझाही. तुझा दादा म्हणतो, क्रिस्टिनाला कळवू नकोस, ती तिकडे एकटी, रडत बसेल. मग आम्ही काय करतोय इकडे? त्याला न विचारता हे पत्र देतेय.

रोज आईच्या पायाचा अंगठा बघते आणि तुला कळवणं रोज उद्यावर ढकलते, पण आता लिहिते. त्याला माशाचा काटा लागला होता. ती जखम काळी पडायला लागली आहे. साखर उतरली नाही तर बोट काढावं लागेल, कदाचित पुढचंही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पाटी डोक्यावर घेऊन चालणारी बाई आहे ती.

तू चुकलीस असं मी म्हणत नाही. तिकडे सगळ्या बाटल्या शंभरच्याच, तुला कोण सांगणार होतं? पण मी सांगितलं तर सून आपली चूक पोरीवर ढकलतेय असंच वाटेल तिला. पत्र मिळाल्या मिळाल्या सालोमीकडे फोन कर, आईला मी तिथे नेऊन बसवते. बाटलीचं खरं तूच सांग. ती रडेल, तूही रडशील, रडा दोघी. पण फोन ठेवायच्या आधी म्हण, 'आई, वहिनीला टोचू दे.' माझ्यासाठी ती आता बाही वर करायची नाही. तुझ्यासाठी करेल.

सुई हातात घेऊन थांबलेली,
तुझी वहिनी
लिली