आई एकटीच बसने गेली

१४ एप्रिल १९८६, पिस्कॅटवे

काल बार्बेडोसहून परत आलो, पण तिथली ती दुपार डोक्यातून जात नाही. ह्यांची कॉन्फरन्स चालू होती. मी हॉटेलात जरा आडवी झाले आणि उठून बघते तर आई खोलीत नाही! तीन तास नुसती घालमेल. मग समोर निळी बस थांबली आणि आई उतरली, हातात भली मोठी पपई.

"अगं, बेटाच्या पार टोकापर्यंत जाऊन आले."

"तुला इंग्लिश येत नाही. कशी गेलीस?"

"थांब्यांवर दोनच पाट्या असतात. एक शहराकडे, एक शहराबाहेर. अक्षरं लावून वाचली. चुकले असते तर समोरून परतीची बस धरली असती."

दोनच पाट्या! आणि मी दोन वर्षं इथे सगळ्यांना सांगत्ये, आईला एकटं सोडता येत नाही. तिला जमत नव्हतं, की मीच कधी गाडीतून उतरू दिलं नाही? आज शेजारच्या काकूंना हे फोनवर सांगताना अभिमानाने माझा आवाज केवढा चढला होता.

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "उद्या मला इथला बसथांबा दाखव. नुसता दाखव. बरोबर येऊ नकोस."