वगैरेच्या पुढचं

अकोला
११ ऑगस्ट २०२४

चि. दीक्षास आईचा सप्रेम जयभीम.

सागररावांनाही जयभीम सांग. इकडे पाऊस बरा आहे, मागचं सीताफळ भरून लागलंय. फोन केला तर तू कामात असतेस आणि मेसेजला 'ओके' येतं, म्हणून कागद घेतला. तपासणी वगैरेसाठी मी मागच्या आठवड्यात अमरावतीला येऊन गेले. ऑटो तुझ्या घरावरूनच गेला. उतरले नाही.

बाबांना अर्धांगाचा झटका आला होता आणि आता ते बरे आहेत, एवढंच तुला माहीत आहे. मीच तसं कळवलं होतं. उजवी बाजू लुळी पडली आहे, पण त्याहून मोठी गोष्ट मी लिहिली नाही. त्यांची वाचा गेली. एकच शब्द उरला आहे: वगैरे.

हसू नकोस. शेजारचा श्रावण, त्यांचाच विद्यार्थी, भेटायला आला आणि हसला. मग तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाला. जन्मभर शाळेत सारांशलेखन शिकवलं त्यांनी. पोरांच्या वहीत हा शब्द दिसला की लाल गोल मारायचे. "वगैरे लिहिलं म्हंजे तुले पुढचं ठाऊक नाई." थोडक्यात लिहिणं वेगळं, त्रोटक लिहिणं वेगळं, संक्षेपात मुद्दा हरवता कामा नये, हे सगळं तू जेवताना ऐकलंच आहेस.

डॉक्टर म्हणतात, असं होतं. त्यांना समजतं सगळं. तहान लागली की वगैरे. लघवीला जायचं, वगैरे. मी चुकले की डाव्या हातानं कपाळ बडवून घेतात.

परवा दुपारी सुरू झाले. पाणी दिलं, कूस बदलली, पंखा वाढवला. थांबेचनात. मी थकले होते गं. त्यांच्या तोंडावर हात दाबला आणि ओरडले, "बस झालं! गप राहा आता!" ते गप्प झाले, नुसतं डोळ्यांतून पाणी. चादर ओढली तर खाली लाल मुंग्या. पाठभर चावल्या होत्या. तेव्हापासून मला माझीच भीती वाटते.

आता नीट लिहिते. वर मी 'तपासणी वगैरे' लिहिलं ना, त्यात छातीतली गाठ आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताबडतोब भरती व्हा. मी म्हटलं, घरी विचारून सांगते. घरी कोणाला विचारू? बाबांसाठी एक माणूस ठेवला होता, तो दोन दिवसांत निघून गेला. म्हणाला, "काकू, त्याइचं मले काईच समजत नाई."

तुझ्या लग्नाच्या वेळी त्यांनी पाठवलेला मेसेज मीही वाचला होता. 'येणार नाही. सुखी राहा.' आता तुझा फोटो दिसला की ते तोच एक शब्द म्हणत बसतात. माफी मागतात असं लिहिलं तर तू धावत येशील. पण बाई, मला खरंच कळत नाही. रागावतही असतील. खोटं लिहून तुला बोलावणार नाही.

तरी ये. मला जगायचं आहे.

तुझी,
आई


अकोला
२६ ऑगस्ट २०२४

आई,

जयभीम. हे पत्र सागर तुला अमरावतीच्या वॉर्डात आणून देईल. ऑपरेशन झाल्यावर त्याचा फोन आला. "थोडक्यात सांगू?" म्हणाला. मी म्हटलं, "नको. डॉक्टर जे बोलले ते सगळं सांग." गाठ काढली, काखेतही पसरलं होतं, पुढे किमो. तुलाही त्यांनी हे सांगितलंय म्हणे.

बाबांना तू काहीच सांगितलं नव्हतंस. तू गेल्यापासून ते दाराकडे बघत होते. मी भरवायला गेले तर ताट उडवलं. वरण माझ्या अंगावर. मीही ओरडले, "मंग राहा उपाशी!" तुझ्यापेक्षा मी काही चांगली नाही, आई.

मग फरशी पुसता पुसता त्यांना सांगितलं. गाठ, ऑपरेशन, काख, किमो, तू किती घाबरली आहेस ते. काही गाळलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, तो शब्दसुद्धा तोंडातून आला नाही. संध्याकाळी स्वतःच ताटाकडे बोट दाखवलं आणि डाव्या हातानं सांडत सांडत जेवले.

आज सकाळी त्यांची दाढी करत होते. धीर करून विचारलं, "बाबा, माह्या लग्नाले काहून नाई आले?"

त्यांनी माझं मनगट धरलं आणि बोलायला लागले. तोच शब्द. कधी हळू, कधी चढ्या आवाजात, मधेच थांबून, काहीतरी आठवल्यासारखं करून पुन्हा. गालावरचा साबण सुकून गेला. मला काही समजलं नाही. माफी होती की राग, तेही नाही. पण माझ्या अख्ख्या आयुष्यात ते माझ्याशी एवढं लांबलचक कधी बोलले नव्हते. मी मधे बोलले नाही. हात सोडवून घेतला नाही.

उपचार अर्धवट टाकून येऊ नकोस. मी इथून हलत नाही.

तुझी,
दीक्षा