दुसऱ्या युफोनियमच्या खुर्चीबाबत

मी, हर्मिनिया मोम्पो सेयेस, वय वर्षे शहात्तर, अविवाहित, राहणार बेनिसारेट, प्रांत वालेन्सिया, गावच्या जुन्या बँडच्या स्वरलेखनाच्या कागदांची अडतीस वर्षे राखणदार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी भाग पाडलेले नाही. गुडघा गेला आहे, डोके जागेवर आहे. रागात लिहू नये असे नोटरीबाईंनी सुचवले. राग ओसरण्याची मी दोन वर्षे वाट पाहिली. तो ओसरत नाही, तेव्हा त्याच्यासकट लिहिते. पूर्वीच्या मृत्युपत्रात मी सगळे डोळे झाकून बँडला दिले होते. ते आजपासून रद्द.

१. मला मूलबाळ नाही. जवळचा माणूस एकच, थोरला भाऊ ब्लाय, वय एकोणऐंशी. आम्ही एकाच घरात राहतो आणि एकाच टेबलावर जेवतो. आज तोच मला बसने नोटरीबाईंकडे घेऊन आला आणि बाहेर बाकावर बसला आहे. या कागदात काय आहे ते त्याला ठाऊक नाही.

२. चर्चमागच्या गल्लीतले घर वडिलांनी माझ्या एकटीच्या नावावर केले. ब्लायने त्यात तहहयात राहावे. त्याच्यानंतर घर जुन्या बँडला जावे, पण कलम सहामधली अट पाळली तरच.

३. बँकेत जे काही असेल ते बँडच्या वाद्यांच्या दुरुस्तीला द्यावे. बाहेरचा वादक आणण्यासाठी त्यातला एक सेंटही वापरता येणार नाही. 'पाहुणा', 'मदतनीस', 'मित्र' असे काहीही नाव दिले तरी भाड्याचा तो भाड्याचाच.

४. पाच टोकांचा टाक, ज्याने एका फटकाऱ्यात पाच रेघा ओढता येतात, तो माझ्या वडिलांचा. तो गास्पार सेंद्रा यांना द्यावा. होय, गावातल्या दुसऱ्या, नव्या बँडचे कागद सांभाळणाऱ्या गास्पारलाच. आमच्या घराण्यात नव्या बँडच्या दारचे पाणीसुद्धा कोणी प्यायलेले नाही, हे मला शिकवायला येऊ नये. एकदा त्यांच्या जत्रेच्या आदल्या दिवशी क्लॅरिनेटचे सगळे कागद भिजले, तेव्हा हा माणूस आमच्या मागच्या दाराशी आला.

"बाई, दुश्मनाला पाणी देता का?"

"पाणी नाही देत. शाई देते, आत या."

दुपारभर बसून आम्ही दोघांनी बावीस कागद उतरवले. त्याने ही गोष्ट आजवर कोणाला सांगितली नाही. असा एक माणूस आमच्या कार्यकारिणीत असता तर मला इतके लिहावे लागले नसते.

५. मास्तर ओक्तावी लिनारेस यांना मी चौदा चिठ्ठ्या ठेवून जात आहे. त्या माझ्या शिवणाच्या डब्यात आहेत. प्रत्येक चिठ्ठीवर एकेका वादकाचे नाव माझ्या अक्षरात आहे. मास्तरांनी त्या स्वतः चौदा घरी नेऊन द्याव्यात, दारावर टकटक करून, टोपी हातात घेऊन. हयात नसलेल्यांच्या चिठ्ठ्या त्यांच्या घरच्यांना द्याव्यात. का, ते पुढे येते.

६. कपाटे. तालमीच्या हॉलमधल्या सात कपाटांत अकराशे चाळीस रचनांचे कागद आहेत. एकेका वादकापुढे जे स्वरलेखन ठेवले जाते त्याला आमच्याकडे कागद म्हणतात. बँडने काय वाजवावे हे कसे ठरवायचे, ते मला वडिलांनी शिकवले: आधी खुर्च्या मोज, मग कपाट उघड. गावात कोण आहे, कोणाचे दात पडले, कोणाचा श्वास कमी पडतो, शेळ्या विण्याच्या दिवसांत कोण तालमीला येणार नाही, हे आधी पाहायचे. मग रचना शोधायची. गावात ओबो वाजवणारा नसेल तर ओबोची ओळ मी क्लॅरिनेटच्या कागदावर हिरव्या शाईने बारीक लिहीत असे. बासून नसेल तर युफोनियम या मोठ्या पितळी वाद्याच्या कागदावर. माणूस नाही म्हणून या गावात एकही सूर मुका राहिला नाही. मला स्वतःला कधी खुर्ची मिळाली नाही. मी वयात आले तेव्हा बँडमध्ये बायका घेत नसत, आणि घेऊ लागले तोवर माझ्या बोटांना फक्त टाक धरता येत होता. ते दुःख मी गिळले. दुसऱ्या कोणाची खुर्ची काढून घेतलेली मात्र गिळता येत नाही.

पाच वर्षांपूर्वी लिनारेस मास्तर शहरातून आले. त्यांनी आधी कपाट उघडले, आणि आमच्या कपाटात त्यांना काही सापडेना. २०२२च्या जानेवारीत निवड समितीची बैठक झाली. आम्ही नऊ जण होतो. जुलैतल्या प्रांताच्या स्पर्धेसाठी मास्तरांनी एक नवी रचना टेबलावर ठेवली. ती दाराएवढी जाड होती.

मी म्हटले, "यात दोन ओबो आहेत. आपल्याकडे एकही नाही."

"आणता येतील," मास्तर म्हणाले.

"चार सेलो आहेत."

"आणता येतील, बाई."

"मग गावच आणा की बाहेरून. आम्ही टाळ्या वाजवायला बसतो."

सगळे हसले. अध्यक्ष पास्कुआल बोरोनात तेवढा हसला नाही. "हर्मिनिया, पलीकडचे, नव्या बँडवाले, गेल्या वर्षी पहिले आले. त्यांच्या बारवरून जाताना मी रस्ता बदलतो. तुला चालतंय का ते?"

चिठ्ठ्यांनी मतदान झाले. पाच विरुद्ध चार मतांनी रचना ठरली.

मग खुर्च्या कमी पडल्या. स्पर्धेत वादकांच्या संख्येला मर्यादा असते. बाहेरचे एकतीस आणायचे तर घरचे चौदा उठवायला हवेत. मास्तरांनी मला यादी दिली आणि फायलींवरच्या त्या चौदा नावांच्या चिठ्ठ्या काढायला सांगितल्या. मी त्या ब्लेडने काढून शिवणाच्या डब्यात ठेवल्या. यादीत बारावे नाव होते ब्लाय मोम्पो, दुसरा युफोनियम.

हा माणूस १९५८ साली बँडमध्ये आला. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. संगीताची संत सांता सेसिलिया हिच्या दिवशी, आमच्या रिवाजाप्रमाणे, सबंध बँड वाजत वाजत नव्या वादकाच्या दारी येतो आणि त्याला घेऊन जातो. ब्लायला न्यायला बँड आमच्या दारी आला तेव्हा आई रडली आणि वडिलांनी सगळ्यांना दारू पाजली. ज्याला दारातून वाजतगाजत नेले त्याला घरी बसवायचे तर निदान दारापर्यंत चालत यावे. कोणी आले नाही. तेरा जणांना स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी दोन ओळींचे पत्र गेले. ब्लायला तेही गेले नाही, कारण घरात बहीण आहे, ती सांगेल.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी तो गणवेश घालून, वाद्य घेऊन बसपाशी गेला. बोरोनात यादी घेऊन पायरीवर उभा होता.

"ब्लायकाका, तुमचं नाव नाही यात. मास्तर बोलले नाहीत का तुमच्याशी?"

"बघ की नीट. मोम्पो."

"नाहीये, काका. चला, उशीर होतोय सगळ्यांना."

जुना बँड पहिला आला. गावात फटाके वाजले. चषक काचेच्या कपाटात आहे आणि मी त्यावरची धूळ पुसत नाही. ब्लाय त्या दिवसापासून तालमीला गेलेला नाही. त्याचे वाद्य पलंगाखाली आहे.

म्हणून अट अशी. माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सांता सेसिलियाच्या मैफलीत जुन्या बँडने फक्त गावातल्या माणसांनिशी वाजवावे. चौदांपैकी जो जिवंत आहे आणि यायला तयार आहे त्याला त्याची खुर्ची द्यावी. रचना माझ्या कपाटातली असावी, आणि ती खुर्च्या मोजून निवडावी. एकाही खुर्चीवर भाड्याचा माणूस दिसला तर घर नव्या बँडला जाईल.

७. आता जे नोटरीबाईंनाही सांगितले नव्हते ते लिहिते.

पाचवे मत माझे होते.

टेबलावर मी विरोधात बोलले आणि चिठ्ठीवर 'होय' लिहिले. मलाही नव्या बँडला हरवायचे होते. खुर्च्या मोजायला शिकलेली बाई त्या दिवशी मोजायची विसरली नाही. तिने मोजल्या, आणि तरी 'होय' लिहिले. चिठ्ठ्या काढल्यावर तीन आठवडे मी ब्लायला काही बोलले नाही. सांगणे मास्तरांचे काम, असे स्वतःला म्हणत राहिले. स्पर्धेच्या सकाळी त्याने शर्ट मागितला आणि मी त्याला इस्त्री करून दिली. तो बसवरून परत आला आणि दारातच उभा राहिला.

"हर्मिनिया, तुला माहीत होतं?"

"नाही," मी म्हणाले. आणि मास्तरांना इतक्या मोठ्याने शिव्या दिल्या की शेजारीण बाहेर आली. दोन वर्षे मी तेच करते आहे. मास्तरांवरचा माझा राग खोटा नाही. पण त्यातला अर्धा दुसऱ्याच पत्त्यावरचा आहे.

येथवर लिहून मी कागद नोटरीबाईंपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, "हे तुमचे भाऊ तुमच्या मागे ऐकणार. मग त्यांनी भांडायचं कोणाशी?"

मी ब्लायला आत बोलावले आणि कलम सात उभी राहून वाचले. पुढचे नोटरीबाईंच्या परवानगीने लिहिते, कारण कलम सहा त्यामुळेच अपुरे ठरते.

त्याने टोपी चाचपली. मग म्हणाला, "चिठ्ठ्यांनी मतदान झालं होतं ना? म्हणजे कोणाला कळलंही नसतं."

"नाही."

"बोलायचं नव्हतं तर इस्त्री तरी करायची नव्हतीस, करंटे! कडक कॉलर घालून गेलो मी तिथे. नवरदेवासारखा."

"हो."

"हो काय? आणि हे सगळं तू मेल्यावर? मी एकोणऐंशीचा आहे. तुझ्या मरणाची वाट बघत ओठ सुकवत बसू? हे ओठांचं वाद्य आहे, बाई. एक वर्ष अजून गेलं की फुंकलं तरी वारा येईल नुसता." नोटरीबाईंनी पाणी पुढे केले. त्याने घेतले नाही. "सोमवारी समितीची बैठक आहे. मत जिवंतपणी दिलंस ना? मग जिवंतपणीच परत घे. सगळ्यांसमोर. तोवर तुझ्या हातचा भात मी खाणार नाही."

आणि तो टोपी घालून बाहेर गेला.

८. तेव्हा कलम सहा आहे तसे ठेवून त्याला जोडते: येत्या सोमवारी, एकवीस तारखेला, समितीत पुढच्या स्पर्धेची रचना ठरायची आहे. मास्तरांनी सुचवलेल्या नव्या रचनेत तीन ओबो आहेत. मी जाणार आहे. कलम सात मोठ्याने वाचणार आहे. बोरोनात अडवेल, त्याला अडवू द्यावे. मत चिठ्ठीने देणार नाही, हात वर करून देणार आहे. त्यानंतर समिती मला काढून टाकील तर कपाटांच्या किल्ल्या टेबलावर ठेवीन, पण दुसऱ्या युफोनियमच्या फाइलीवर नव्या चिठ्ठीत नाव लिहिल्याशिवाय नाही.

हे मृत्युपत्र पुढे बदलायचे की असेच ठेवायचे, ते मंगळवारी दुपारी ब्लाय जेवायला टेबलावर येतो की नाही, ते पाहून ठरवीन.

लिहिले, वाचले, सही केली. एकही शब्द कोणाच्या सांगण्यावरून खोडलेला नाही.

हर्मिनिया मोम्पो सेयेस

साक्षीदार: तेओदोरो काताला, घड्याळे दुरुस्त करणारे
साक्षीदार: फुएनसांता रिपोल, पशुवैद्य
समक्ष: मातिल्दे ओर्तिन, नोटरी

स्थळ: तालुक्याच्या गावचे नोटरी कार्यालय
गुरुवार, १७ ऑक्टोबर २०२४