भांडायला या, भावोजी

९ जानेवारी

प्रिय भावोजी,

सप्रेम नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही आधी चष्मा शोधला असेल आणि मग कपाळाला आठ्या घातल्या असतील. आठ्या राहू द्या, पत्र मात्र शेवटपर्यंत वाचा.

आम्ही ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, पण चालवून घेतात. धाकटीला मुलगी झाली. नाक आजोबांचं, हट्टही त्यांचाच. यांचं जेवणखाण व्यवस्थित आहे. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसतात. नवं पुस्तक चाललंय. तुम्हीही विद्यापीठातून निवृत्त झालात असं कळलं. आता 'नाही' कोणाला म्हणता? घरात तुमचं कोणी ऐकत नाही, हे मला पूर्वीपासून ठाऊक आहे.

तुम्हाला 'नन्ना' हे नाव यांनीच ठेवलं. यांनी काही लिहावं आणि तुम्ही नन्नाचा पाढा सुरू करावा. शहरातली बस सगळ्यांना फुकट हवी, हे यांनी जन्मभर लिहिलं. फुकट बसचा आठ दिवसांत खटारा होतो, तिकीट घ्या आणि चांगली बस द्या, हे तुम्ही. आमच्या जेवणाच्या टेबलावर मिठाच्या अन् मिरपुडीच्या बाटल्यांच्या बसगाड्या करून तुम्ही दोघांनी किती शहरं चालवलीत! जेवण गार व्हायचं, मी ओरडायची, तुम्हाला दोघांना पत्ता नसायचा. मग ती सरकारी समिती आली. तिच्या अहवालाला तुम्ही भिन्नमतपत्रिका जोडलीत, सरकारनं नेमकी तीच उचलून धरली आणि यांनी तुमच्याशी बोलणं टाकलं. तुम्हीही काही कमी नाही. दोघांच्या भांडणात माझा मात्र एक दीर गेला.

असो. जुनं उकरायला लिहीत नाही.

विद्यार्थी येतात. गुणी आहेत. पण यांनी तोंड उघडलं की 'हो सर', 'अगदी बरोबर सर'. होयबांचा यांना केवढा तिटकारा होता, आठवतं ना? आता गप्प ऐकून घेतात आणि माणसं गेली की खिडकीतून समोरच्या थांब्यावरच्या बसगाड्या बघत बसतात.

'नवं पुस्तक चाललंय' असं वर लिहिलं, ते खरं नाही. रोज पहिलं वाक्य लिहितात, दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विसरणं वाढतच जाणार, जमेल तितकं बोलतं ठेवा. नातीला मांडीवर घेतात आणि मला विचारतात, "ही कुणाची गं?" मी सांगते. छान हसतात.

हे सगळं मी सोसलं. गेल्या रविवारचं मात्र सोसवेना. एक जुना विद्यार्थी, आता स्वतः प्राध्यापक झालेला, भेटायला आला होता. मी चहा गाळत होते. बाहेरून यांचा आवाज आला, चांगला खणखणीत : "फुकटची बस कोणाचीच नसते. तिची काच फुटली तर हळहळायला कोणी नाही." भावोजी, हे तुमचं वाक्य. भिन्नमतपत्रिकेतलं, शब्दन्‌शब्द. आणि तो शहाणा म्हणाला, "अगदी बरोबर, सर."

तो गेल्यावर मी म्हटलं, "अहो, हे तर नन्नांचं म्हणणं. तुमचं अगदी उलट होतं."

"कोण नन्ना? मी जन्मभर हेच सांगत आलोय."

मग मी यांचं पुस्तक उघडलं आणि यांच्याशीच भांडायला बसले. "दवाखान्यात जायला भाडं नाही म्हणून जी बाई घरी दुखणं काढते, तिनं काय करावं?" यांचे डोळे चमकले. बाह्या सारल्या, मिठाची बाटली पुढे ओढली आणि माझा एकेक मुद्दा खोडून काढला. किती दिवसांनी माझा नवरा मला दिसला! पण मी शाळेत गणित शिकवलेली बाई, माझी शिदोरी लवकर संपली. मी हरले, तसे ते पुन्हा खिडकीकडे वळले.

म्हणून हे पत्र. ज्या मतापायी यांनी हयात घालवली, तुमच्यासारखा मित्र गमावला, ते मत आता या घरात मांडणारं कोणी उरलं नाही. विद्यार्थ्यांना ते परीक्षेपुरतं येतं. तुम्हाला ते मुळापासून ठाऊक आहे, कारण ते खोडून काढण्यात तुमचा जन्म गेला. तुम्ही या आणि यांची बाजू घेऊन यांच्याशी भांडा. लगेच हरू नका. निदान जेवण गार होईपर्यंत तरी नाही. मी ओरडणार नाही.

तुमच्या जिवावर येईल, मला कळतं. पण तुम्हीही 'नाही' म्हणालात तर मी कोणाकडे जाऊ?

दार हेच उघडतात. "आपण कोण?" असं विचारतील. वाईट वाटून घेऊ नका आणि नावही सांगू नका. उंबऱ्यातूनच म्हणा, "बस फुकटच हवी." पुढचं ते बघून घेतील.

तुमची, मधल्या अबोल्यातही तुमचीच,
वहिनी