हात बांधून धावणार नाही

प्रिय ताई,
तुला आणि भाऊजींना नमस्कार, भिंगरीला गोड पापा.

रविवारच्या शर्यतीतून माझं नाव कापलंय. आज जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी स्वतःच सांगितलं. घाबरू नकोस, नोकरी शाबूत आहे.

जन्मतः हात-पाय अपुरे असलेल्या मुलांच्या मदतीसाठी आमचा कारखाना धावणार आहे. त्यासाठी महिनाभर पहाटे पळून मी गुडघ्यांची वाट लावून घेतली. आता साहेबांनी नवंच काढलं, प्रत्येकाने एक हात पाठीशी बांधून धावायचं, म्हणजे "त्या बिचाऱ्यांचं दुःख कळेल."

मी म्हटलं, "साहेब, माझ्या भाचीला डावा हात कोपरापर्यंतच आहे. दोरीचं टोक दंडाला बांधून ती उड्या मारते. बिचारी म्हणालात तर चावेल."

सगळे हसले. साहेब म्हणाले, "मग तुम्ही घरीच बसा."

नुसता वैताग आलाय, ताई. जेवणही गेलं नाही.

भिंगरीचा नवा हात टोचत नाही ना? शाळेत कोणी काही बोलतं का? खरं लिही.

रविवारी मी जाणारच, दोन्ही हात मोकळे ठेवून. पॅकिंगच्या मावशी म्हणतात, "तुला अडवलं तर आम्हीपण दोऱ्या सोडू." साहेब फाटकातच उभे राहणार आहेत.

तुझा हट्टी,
धाकटा