आईच्या गालाचा आकडा

४ मार्च
आईचा फोन परत कटला! "एकटी काय करतेस तिकडे, इकडे ये ना राहायला" — एवढं म्हणालो आणि टुंग. दर वेळी इथेच. परत लावला तर म्हणते, "कसा कटला काय माहीत बाबा. जेवलास का?"
राग नाही आला. हल्ली काही येतच नाही. चपला घालून चार गल्ल्या फिरून आलो.

५ मार्च
फोन कानाला लावला की पडदा बंद व्हायला हवा. नाही झाला तर गालानेच लाल बटण दाबलं जातं. कान जवळ आला हे ओळखणाऱ्या चिपशी बोलणारा प्रोग्राम आमच्याच फोन कंपनीतला. सी भाषेत, मीच लिहिलेला. आईकडे फोनही आमच्याच कंपनीचा. म्हणजे आईला मीच कापतोय!
हसू यायला हवं होतं.

८ मार्च
ऑफिसातल्या चाचणीवालीला सापडलं. चिप उजेड फेकते, परत किती आला त्याचा आकडा देते. तिच्या काळ्याभोर केसांवरून जवळजवळ काहीच परत येईना. आणि कितीच्या वर आकडा गेला की पडदा बंद करायचा, ती हद्द आम्ही ठरवलेली साहेबांच्या डोक्याला फोन लावून. साहेबांना टक्कल!
"काय रे आठवी नापास," साहेब मला नेहमीच्या हाकेने म्हणाले, "आता माझ्या टकलावर खापर का?" सगळे हसले. मग म्हणाले, "आण हद्द खाली. पण काचेवर तेलकट बोट लागलं आणि पडदा मेला, तर मान तुझी."

११ मार्च
तेलकट बोट. पडदा मेला. पुसला. परत मेला.

१५ मार्च
जमलं! चाचणीवाली केस मोकळे सोडून दिवसभर फोन कानाला लावून बसली. "तुझ्या आईला सांग, तिच्यापायी माझी मान आखडली."
येताना एक मोठी खोली बघितली. खिडकीखाली आईची खाट मावेल. घरमालक काहीतरी विचारत होता, मी नुसती मान हलवत होतो.

२ एप्रिल
नवीन व्हर्जन सगळ्या फोनांवर गेलं. आईच्या शेजारच्या काकूंनी तिच्या फोनवर टाकून दिलं.

३ एप्रिल
आईला लावला. परत तेच विचारलं, इकडे ये ना राहायला. कटला नाही!
"बघ," मी म्हणालो, "दुरुस्त केला मी. आता नाही कटणार."
"हो का."
मग म्हणाली, "तो कटत नव्हता रे. मीच ठेवायचे. तुला तोंडावर नाही म्हणवत नाही मला."